माधवच्या खिशातला कांदा

भूतबित असलं मी काही मानत न्हाई. भूकंपात आमचं आख्खं गाव मातीत गेलं, तेव्हा लोकं सांगायची, आज अमका दिसला, काल तमकी दिसली. मला कवाच कोणी दिसलं न्हाई. माझी बायको कौसा त्यातच गेली. ती साधी सपनात पण आली न्हाई. चौथी शिकलेला माणूस हाय मी, चुकलं तर सांभाळून घ्या... पण हे सांगितल्याशिवाय राहवत न्हाई म्हणून लिहून राहिलो.

त्या दिवशी गणपती बुडवून आल्यावर ती म्हणली होती, आज घरीच निजा. मी ऐकलं न्हाई, शेतातल्या आखाड्यावर, गुरांजवळच्या खोपीत निजायला गेलो. पहाटं जमीन हलली, घरं पडली, मी वाचलो. ती माझ्यावर राग धरून गेली का — एवढंच मला तिला विचारायचं हाय.

पुढं लातूरला आलो. कोचिंगचा बाजार उभा राहिला, गल्लोगल्ली होस्टेलं झाली, त्यातल्या एकावर वॉचमन लागलो. तिथं दोन दोस्त मिळाले. मेसचा आचारी माधव, अन् पोरांच्या गाद्या भरून देणारा गफूरभाई. दोघांनी कौसाला कधी बघितलेलं न्हाई, हे ध्यानात ठेवा.

मे महिन्यात परीक्षा झाली, होस्टेल रिकामं पडलं. जाता जाता पोरं माधवला चिडवून गेली, किनवटच्या रानातला तो डोंगर आम्ही चढून आलो, काका, तुमच्यानं व्हायचं न्हाई. माधवला ते लागलं. तिघं निघालो. नांदेडपर्यंत बस, पुढं रेल्वे.

दिवस उगवताच चढाईला लागलो. चढ म्हणजे भिंतच. सागाला पान न्हाई, पायाखालची खडी सुटून राहिली, एक पाऊल वर अन् दोन खाली. त्यात माधवच्या बायकोचा फोन घडीघडी. पाणी पिलात का, टोपी घातली का. अन् तो मुद्दाम आम्हाला ऐकू जाईल असं बोलायचा. खरं सांगतो, मी त्याच्यावर लई जळायचो. माझ्याच वयाचा गडी, अन् त्याला अजून दटावणारं माणूस हाय. गफूरभाईचीही मंडळी हाय, पण तो असं दाखवत हिंडत न्हाई.

अर्ध्यात रेंज गेली. माधव रेंज बघायला बाजूच्या टेकाडावर गेला, तो आलाच न्हाई. आम्ही हाका मारून दमलो. तासाभरानं आला. तोंड लालबुंद, पण आपल्या पायानं.

म्हणाला, चक्कर येऊन मोहाच्या झाडाखाली पडलो होतो, एक बाई आली, पाणी पाजलं, लई बोलली, अन् हे खिशात कोंबून गेली. बघतो तर चिंधीत बांधलेला कांदा. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडं खिशात कांदा ठेवतातच, त्यात नवल न्हाई.

"काय बोलली?" मी विचारलं.

"म्हणे, येड्या माणसा, कांदा न घेता उन्हात निघायचं असतं व्हय?"

हे बोलणं कौसाचं. मी शेताला निघालो की रोज हेच, ह्याच शब्दांत. येडा माणूस मी होतो. माधव कोण?

तो गाठ सोडायला बसला. ओढली की आवळायची. दात लावले, तरी न्हाई. कौसा डावखुरी होती... तिची गाठ उलटी पडायची. खालचं टोक डावीकडं ओढलं तरच सुटायची. हे मी लातुरात कोणालाच सांगितलेलं न्हवतं. मी हात पुढं केला. एका ओढीत सुटली. आत कांदा, वरचा एक पापुद्रा काढलेला. ती पण तसाच काढायची.

गफूरभाई म्हणाला, "अरे भाई, तेंदूपत्ता तोडायला आलेली कोणी बाई असंल. डावखुरी काय दुनियेत एकच असते?"

असंल. मी पळत मोहाखाली गेलो. कोणी न्हवतं. परत येऊन माधवला बाजूला घेतलं, विचारलं, माझं काही काढलं का तिनं? रागात होती का?

त्यानं तोंडावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "न्हाई रे निवृत्ती. तुझं नाव न्हाई काढलं."

नवऱ्याचं नाव ती कधी घेतच न्हवती, हे मला लातूरला पोचल्यावर सुचलं.

कांदा माधवनं तिथंच भाकरीसंगं खाल्ला. ते मी त्याला अजून माफ केलेलं न्हाई. चिंधी माझ्याकडं हाय. त्यानं मागितली होती, दिली न्हाई.

त्यानंतर तीन उन्हाळे मी एकटाच तिथं जाऊन आलो. मुद्दाम खिशात कांदा न घेता. त्याच मोहाखाली टोपी काढून बसतो. गुराखी पाणी देतात, म्हणतात, आजोबा, सावलीला चला. बाई काही येत न्हाई.

होस्टेलच्या गेटवर बसून मी त्या चिंधीला तसली गाठ मारून बघतो. डाव्या हातानं पण मारली. पडत न्हाई. ज्याला घरी दटावणारी हाय, त्यालाच ती दटावून गेली... अन् गाठ मात्र अशी मारली की माझ्याशिवाय कोणाला सुटू नये. असं का, ते मला आजपर्यंत कळलं न्हाई.