योकोहामात लोहाराचा मुलगा शोधताना

आई माझ्याकडे टोकियोत, निशी-कसाईला आल्यापासून एकच घोशा लावून बसली होती, योकोहामाला कधी जायचं? मी आज-उद्या करत होते. तिचं वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, ही झाली सांगायची कारणं. खरी भीती वेगळी होती. शेवटी तिचं रविवारचं परतीचं विमान समोर दिसायला लागलं, तेव्हा कुठे शनिवार पक्का केला.

भीती कसली, ते आधी सांगते. आईचे वडील आयरिश होते. नाव पॅट्रिक, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेतून देवळालीला आलेले. माझी आजी नगरची ख्रिस्ती, देवळालीच्या लष्करी इस्पितळात नर्स. चर्चमध्ये रीतसर लग्न झालं. आई पोटात असताना त्यांची पलटण सिंगापूरकडे गेली आणि पुढे ना चिठ्ठी ना निरोप. नातेवाईक म्हणत, गोराच तो, गेला टाकून. आजी म्हणायची, मेला असेल, नाहीतर आला असता. या दोन वाक्यांच्या मध्ये आई लहानाची मोठी झाली.

गेल्या वर्षी मी नेटवर शोधायला बसले, तर त्याच नावाचे, एकाच आयरिश गावाकडचे दोन सैनिक निघाले. एक युद्धकैदी म्हणून कावासाकीच्या छावणीत वारला, योकोहामाजवळ पुरला. दुसरा सुखरूप घरी परतला आणि म्हातारा होऊन गेला. आमच्याकडे पुरावा एकच, देवळालीच्या लग्ननोंदीत नवऱ्याच्या वडिलांचा धंदा लोहार लिहिलाय. मग लोहाराचा मुलगा यातला कोणता?

तुमच्यापैकी कुणाला असा आयरिश धागा शोधायचा असेल तर सांगते, तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने चर्चच्या जुन्या नोंदी ऑनलाइन ठेवल्यात आणि राष्ट्रीय अभिलेखागाराने जुन्या जनगणनेची पानं. पैसे पडत नाहीत. अडलात तर सरळ मेल करा. मला उत्तर देणाऱ्या डब्लिनच्या बाईंनी तर माझा प्रश्न त्या गावातल्या लोकांपर्यंत पोचवला. युद्धात गेलेल्यांच्या नावांची पाटी गावात बसणार होती, त्यासाठी ते घरोघरची माहिती गोळा करत होते.

शनिवारी सकाळी फोन बघितला, तर डब्लिनची मेल येऊन पडलेली.

“उघडू नकोस,” आई म्हणाली. ती केव्हाच साडी नेसून तयार होती.

“अगं, पण कळेल तरी.”

“दुसराच निघाला तर माझे पाय उचलायचे नाहीत. तिथं पोचल्यावर वाच.”

तोझाई लाइनने ओतेमाची, तिथून भुयारी वाटेने टोकियो स्टेशन. सोबत वयस्कर माणूस असेल तर हे चालणं हिशोबात धरा आणि लिफ्टच्या पाट्या बघत जा. पुढे तोकाइदो लाइनने योकोहामा, गाडी बदलून एकच स्टेशन होदोगाया. हे सगळं हजार येनच्या आत. न उघडलेली मेल पर्समध्ये आणि हात सारखा पर्सकडे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं झालेलं माझं.

कावासाकी आलं. मी रोज इथेच ऑफिसला उतरते.

“इथंच का गं?” आईने विचारलं.

“इथंच कुठेतरी. बंदराकडे.”

दार बंद होईपर्यंत ती बाहेर बघत राहिली. आणि मला एकदम लाज वाटली. दोघी मायलेकी देव पाण्यात घालून बसलो होतो, तेही एक माणूस तरुणपणीच मेलेला निघावा म्हणून.

होदोगायाला टॅक्सी घेतली, दीड-दोन हजार येन होतात. चालकाने अदबीने विचारलं, घरच्यांचं थडगं आहे का? मला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. आईला अर्थ सांगितला.

“सांग त्यांना, अजून बघायचंय.”

युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी म्हणजे झाडांनी वेढलेलं मोठं हिरवं मैदान, सगळं इतकं नीटनेटकं की बोलतानाही आवाज खाली येतो. जमिनीलगत बसके दगड, त्यावर धातूच्या पाट्या. आधी ऑनलाइन यादीतून रांग लिहून न्या, नाहीतर फिरत राहाल. आमचा दगड सापडला, आई सरळ गवतातच बसली. मी मेल उघडली.

“वाच की.”

“लोहाराचा मुलगा, आई. हेच ते. परतला त्याचे वडील शिक्षक होते.”

मी पुढचं वाचलं. त्याला मुलगी आहे हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पाटी बसेल तेव्हा तिचं नाव घेतलेलं चालेल का, असं त्यांनी विचारलं होतं.

“चालेल म्हणून कळव,” आई म्हणाली. मग तिने पिशवीतून मेणबत्ती काढली आणि काळ्या तिळांची पुडी. लग्न होऊन ती जोशांकडे आली, तेव्हापासून तिचं दोन्हीकडचं चालतं.

“गोत्र कुठलं म्हणणार तू?”

“माहीत नसलं की काश्यप.”

मेणबत्ती वाऱ्याने टिकेना. तिळाचं पाणी तेवढं गवतात सोडलं. पाटीवरून बोट फिरवत तिने वय वाचलं, सव्वीस. पुन्हा एकदा वाचलं.

परतताना स्टेशनजवळच्या कोंबिनी म्हणतात त्या छोट्या दुकानातून भाताच्या वळलेल्या ओनिगिरी घेतल्या. शाकाहारी असाल तर उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची घ्या, बाकीच्यांत बहुधा मासा असतो. माझी भूक परत आली होती. मी भरभरून बोलत होते, आई अर्धी ओनिगिरी हातात धरून हो-हो करत होती. घरी येताच पुण्याला दादाला फोन लावला. “तेच निघाले रे. टाकून नव्हते गेले.” तोही रडला. मीही.

या प्रवासाने काय दिलं, असं कुणी विचारलं तर त्या संध्याकाळी मी म्हटलं असतं, सुटका. इतक्या वर्षांचा डाग गेला, आजीचं म्हणणं खरं निघालं. मी तसं आईला म्हटलंही. ती बॅग भरत होती. साडीची घडी मोडून तिने पुन्हा घातली.

“सव्वीस म्हणजे पोरच गं,” ती म्हणाली. “टाकून गेला असता तरी चाललं असतं मला.”