पहिल्या तोड्याची वांगी

मंडळी, तलवाड्याजवळच्या अनाथ मुलांच्या शाळेतून आत्ताच घरी आलोय. तिथल्या सातवीतल्या राणीचा खर्च मी उचलतो.

मुलांनी शाळेच्या शेतात लावलेल्या वांग्यांचा आज पहिला तोडा होता. पाटी भरली. मला वाटलं, आता भरीत होणार!

राणी पाटी डोक्यावर घेऊन थेट गावात निघाली.

"कुठं गं?"

"ज्या म्हाताऱ्या माणसांला कुणी न्हाई, त्यायच्या घरी. पहिला तोडा त्यायचाच आसतो, काका."

"आन् तुमाला?"

"आमाला तुमी हायेत की. त्यायला आमी हाव."

 मीही तिच्या मागं गेलो. पहिल्याच दारात एक आजी परात घेऊन वाट बघत बसलेली.

खरं सांगा, तुमच्याकडं पहिला तोडा कुणाच्या दारात जातो?