मेशरामच्या शेजारची खुर्ची

मेशरामचे सँडल दाराबाहेर होते, म्हणजे ती अजून आतच होती. मी डबा घाईघाईने संपवून पॅसेजमध्ये उभा होतो, खिडकीतून बाहेरचं काहीतरी फार महत्त्वाचं बघतोय असा चेहरा करून. बाहेर भोसरीतली एक भिंत होती. मेशराम जेवायला गेल्याशिवाय मला आत शिरता येणार नव्हतं.

आमच्या कॅड रूममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या खोलीत, चपला-बूट बाहेर काढून जायचा नियम होता. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, असं मशीन बसवणारा माणूस सांगून गेला होता. त्यामुळे देवळानंतर आम्ही चपला काढायचो ती हीच जागा. आत एसी होता. आम्ही ड्राफ्ट्समन मंडळी बाहेर पंख्याखाली घाम पुसत ड्रॉइंग काढायचो आणि मेशराम भर मे महिन्यात स्वेटर घालून आत बसायची. तो स्वेटर मला विशेष झोंबायचा. मोरपंखी होता.

आमची कंपनी वेल्डिंग फिक्स्चर बनवायची. गाडीच्या दाराचे पत्रे वेल्ड करताना हलू नयेत म्हणून त्यांना चहूबाजूंनी धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा म्हणजे फिक्स्चर. तो कसा असावा याचा विचार डिझायनर करतो आणि त्याने विचार केलेलं नीट कागदावर उतरवतो तो ड्राफ्ट्समन. मी ड्राफ्ट्समन होतो. नोकरीला लागल्यापासून मला डिझायनर व्हायचं होतं. हे बायको सोडून कोणाला सांगितलं नव्हतं आणि तिने ते ऐकल्याचं कधी दाखवलं नव्हतं.

मेशराम नागपूरची. डिप्लोमा करून आली तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ कशी ओढायची, चुकली तर ब्लेडने कशी खरवडायची, हे तिला मी दाखवलं. खरवडणं ही आमच्या धंद्यातली खरी कला. हात जरा जड पडला की कागदाला भोक पडतं आणि आठवड्याचं काम कचऱ्यात जातं. त्यामुळे आम्ही जुने लोक रेघ ओढण्याआधी श्वास रोखायचो. मेशराम श्वास घेत रेघा ओढायची. तिचे बरेच कागद फाटले.

मग नव्वद सालानंतर बाहेरच्या कंपन्या पुण्यात आल्या. त्यांना ड्रॉइंग फ्लॉपीवर हवी होती. आमचे मॅनेजर जोगळेकर साहेब यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, "कॅडचं ट्रेनिंग कोण घेणार?" आम्ही सगळे अनुभवी लोक फरशीचं डिझाइन बघू लागलो. मागून मेशराम म्हणाली, "मी घेते ना सर. काय होते त्याच्यात?"

काय होतं ते पुढे दिसलंच. कस्टमरने एक क्लॅम्प, म्हणजे पत्रा दाबून धरणारा चिमटा, सरकवायला सांगितला की मी दोन दिवस ब्लेड घेऊन बसायचो. ती ते चहा यायच्या आत करायची, आणि वर चहा एसीत प्यायची. जोगळेकर साहेब तिला "मेशराम मॅडम" म्हणू लागले. मला आजवर "अहो सातपुते" याच्या पुढे काही मिळालं नव्हतं.

बिबवेवाडीला घरी पोचून मी बूट काढत असतानाच बायको विचारायची, "काय केलं आज मेशरामबाईंनी?"

"मला काय करायचंय तिचं?"

"ते दिसतंच आहे. मॅडमचा स्वेटर कसा होता, ते काल भाजी संपेपर्यंत चाललं होतं."

अशात जोगळेकर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अहो सातपुते, दिवाळीनंतर ड्रॉइंग बोर्ड काढून टाकतोय. आत मेशराम मॅडमच्या शेजारी आणखी एक मशीन येतंय. जो त्यावर बसेल तो डिझायनर. गाडीच्या या दाराचं फिक्स्चर तुम्ही कॅडवर करून दाखवा. शुक्रवारी कस्टमर येणार आहे."

"आणि नाही जमलं तर, साहेब?"

"स्टोअरमध्ये माणूस हवाच आहे. तिथे भीतीचं काही कारण नाही. नट-बोल्ट असतात."

सरळ मार्ग एकच होता. मेशरामकडे जायचं आणि म्हणायचं, शिकवा. पण जिला मी ब्लेड धरायला शिकवलं, तिच्यापुढे वही घेऊन बसायचं? त्यापेक्षा मी कॅडच्या एका क्लासचं पुस्तक आणलं. रेघ कशी ओढायची एवढं त्यात पाहिलं आणि ते मिटून टाकलं. म्हणून मी माझी युक्ती काढली. घरचा जुना ड्रॉइंग बोर्ड जेवणाच्या टेबलावर मांडला आणि सगळं फिक्स्चर आधी पेन्सिलीने कागदावर काढलं. आमची पानं जमिनीवर वाढली गेली. मग रोज मेशराम जेवायला गेली की आत शिरायचं आणि कागदावरचं बघून एकेक रेघ मशीनमध्ये घालायची. घालताना श्वास रोखूनच.

शुक्रवारपर्यंत झालं. प्रिंट काढली. माझं मलाच कौतुक वाटलं. जोगळेकर साहेबही चष्मा वर करून म्हणाले, "बरंय." पुण्यात याच्या पुढची पदवी नाही.

कस्टमर खाली ऑफिसात चहा घेत होता. त्याने पाठवलेल्या फ्लॉपीत गाडीच्या दाराचं ड्रॉइंग होतं. ते माझ्या फिक्स्चरमध्ये ठेवून दाखवायचं होतं, इतकंच. मेशरामने फ्लॉपी घातली, दार आणलं.

स्क्रीनवर एक भलंमोठं दार आलं आणि त्याच्या पोटात कोपऱ्यात माझं फिक्स्चर.

जोगळेकर साहेब शांतपणे म्हणाले, "सातपुते, आपल्या कस्टमरची गाडी माणसांना बसण्यासाठी असते. हे तुम्ही भातुकलीसाठी केलंय का?"

झालं होतं ते असं. बोर्डवर आमची सुरुवात बॉर्डरपासून. आधी कागदाची चौकट आखायची, मग त्यात ड्रॉइंग बसवायचं. फिक्स्चर कागदापेक्षा मोठं असतं, म्हणून ते निम्म्या मापात काढायचं आणि आकडे मात्र खरे लिहायचे. मी स्क्रीनवरही इमानेइतबारे आधी कागदाएवढी चौकट आखली आणि तिच्यात निम्मं फिक्स्चर बसवलं. आकडे हाताने टाइप केले, तेही खरे. त्यामुळे प्रिंटमध्ये काही कळलं नाही. कॅडमध्ये कागद नसतोच. वस्तू जेवढी असेल तेवढीच काढायची, लहान करायची ती प्रिंट काढताना. हे कोणत्याही नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात. मला कोण सांगणार? मी लपून शिकत होतो.

मेशराम हसली असती तर मला बरं वाटलं असतं. राग धरायला काहीतरी मिळालं असतं. ती म्हणाली, "काही नाही सर, एका कमांडचं काम आहे. मी करून देते," आणि खुर्ची पुढे ओढली.

मला तेव्हा तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. माझी आठवड्याची चूक ती एका कमांडमध्ये पुसणार होती. आणि जोगळेकर साहेब ते बघणार होते. मग शेजारची खुर्ची कोणालाही मिळो, मला मिळणार नव्हती.

"नको," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. "मी करतो. तुम्ही सांगा."

"कस्टमर जिना चढतोय," साहेब म्हणाले.

"चढू दे. मॅडम, सांगा."

मी तिला मॅडम म्हणालो ते तेव्हा पहिल्यांदा.

तिने सांगितलं तसं मी सगळं ड्रॉइंग निवडलं आणि दुप्पट करायचा हुकूम दिला. स्क्रीन रिकामी झाली. एक रेघ शिल्लक नाही. कागदाला भोक पडलं, असंच मनात आलं.

"यू दाबा," मेशराम म्हणाली.

"म्हणजे?"

"अनडू. मागं येते सगळं."

मी दाबलं. फिक्स्चर होतं तिथे परत आलं. एकही ओरखडा नाही. मी पुन्हा दुप्पट केलं, पुन्हा गेलं, पुन्हा यू दाबलं, पुन्हा आलं.

"सर, काय करून राहिले? खेळून राहिले का?"

"हे कितीही वेळा चालतं?"

"हो ना. तुम्हाला वाटलं काय फाटते? मला काहून नाही विचारलं इतके दिवस?"

याचं उत्तर द्यायला वेळ नव्हता, हे माझं नशीब. मोठं करताना कोणता बिंदू जागेवर धरायचा ते चुकत होतं, म्हणून फिक्स्चर स्क्रीनबाहेर पळत होतं; तिने बरोबर बिंदू दाखवला. मी फिक्स्चर दुप्पट केलं. दार त्यात जाऊन बसलं. अक्षरं मात्र लग्नाच्या बोर्डाएवढी झाली होती, ती लहान करत असतानाच कस्टमर मोज्यांवर आत आला. उठायची संधीच मिळाली नाही. त्याने बिजागरीपाशी बोट ठेवलं आणि हा क्लॅम्प इथे अडकेल, म्हणाला. साहेबांनी सवयीने मेशरामकडे पाहिलं. मी क्लॅम्प सरकवला. चुकीच्या बाजूला. यू दाबलं. परत सरकवला. आता बरोबर होता. तिघेही बघत होते आणि मी चक्क श्वास घेत होतो.

दिवाळीनंतर बोर्ड भंगारात गेले आणि मी आतल्या दुसऱ्या खुर्चीवर बसलो. बायकोने स्वेटर विणून दिला, राखाडी. कार्डावर डिझायनर छापायला साहेबांनी आणखी दोन वर्षं लावली, ते त्यांच्या स्वभावाला धरून झालं. मेशराम पुढे हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली. तिला न्यायला एसी बस येते, असं कळलं. मी स्कूटरवरच होतो.

भीती कशी घालवलीत, असं आता नवी मुलं विचारतात. त्यांना वाटतं मी काहीतरी आत्मविश्वासाचं सांगेन. माझ्याकडे ते कधीच फारसं नव्हतं. मी एवढंच सांगतो की आपल्यापेक्षा हुशार, शक्यतो वयाने लहान, असं कोणीतरी शेजारच्या खुर्चीवर असू द्यावं. पोटात दुखतं, पण माणूस काम शिकतो. आणि विचारायचं असेल ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. जळायला पुढे वेळ मिळतोच.