भाऊजींच्या उडत्या तबकड्या

पुलाचा उतार लागेपर्यंत भाऊजींनी गोष्टीची सुरुवात तिसऱ्यांदा बदलली होती. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. नातीच्या शाळेत आज त्यांना फेकून खेळायच्या तबकडीचा इतिहास सांगायचा होता, आणि शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी बसने जाऊ म्हटलं तर म्हणाले, "नको. चालताना डोकं चालतं."

"आणि जीभ?"

"ती बसमध्येही चालते. तीच तर भीती आहे, धाकटे."

भाऊजींचा सगळा जन्म प्लॅस्टिकच्या कारखान्यात गेला. साचा उघडला की गरम तबकडी काढायची, कडेला आलेला पापुद्रा सुरीने तासायचा आणि अंगणात फेकून बघायची. एका बाजूला कड जाड राहिली तर तबकडी दारुड्यासारखी झोकांड्या खाते म्हणायचे. पूजेला बसावं तसं मन लावून ते हे काम करत. पण माझ्या सासूबाई गल्लीभर सांगायच्या, "आमचा थोरला उडत्या तबकड्या बनवतो." माझं लग्न ठरत होतं तेव्हा हे माझ्या वडिलांच्या कानावर गेलं. परग्रहावर सोयरीक नको, म्हणून ते खात्री करायला थेट कारखान्यात पोचले. भाऊजींनी त्यांच्या हातात एक लाल तबकडी दिली. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत दोघं अंगणात खेळत होते. घरी येऊन वडील म्हणाले, "माणसं जमिनीवरचीच आहेत. होकार कळवा."

भाऊजींची खोड एकच. गोष्ट सांगताना हातभर लाकूड नि दहा हात ढलपी. त्यांची लाडकी गोष्ट अशी की, परदेशातल्या एका कॉलेजात प्रार्थनेच्या वेळी दानाचं तबक फिरत होतं, एका चिडलेल्या विद्यार्थ्याने ते भिरकावलं आणि हा खेळ जन्मला. मला ती कधीच रुचली नाही. दानाचं तबक कुणी असं फेकतं? "अगं, देव रागावला असता तर ते उडलंच नसतं," हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

नातीने तीच गोष्ट वर्गात ऐटीत सांगितली. बाईंनी शोधलं तर ती नुसती दंतकथा निघाली. पोरं तिला 'थापाडी' म्हणायला लागली. बाई समजूतदार, म्हणाल्या, आजोबांनाच बोलवू, खरं काय ते तेच सांगतील. पण पोर घरी येऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही परत थाप मारलीत तर तुमच्याबरोबर तबकडी फेकायला मी उभी राहणार नाही. कधीच नाही."

भाऊजी त्या दिवशी धड जेवले नाहीत. मग रोज वाचनालयात जाऊन बसले. आता चालता चालता मला पाठ म्हणून दाखवत होते.

"एक बेकरी होती. तिच्या पायच्या पत्र्याच्या थाळ्या..."

"पायाच्या थाळ्या?"

"अगं, पाय म्हणजे तिकडचा खायचा पदार्थ! तो खाऊन विद्यार्थी रिकाम्या थाळ्या फेकत खेळायचे. बेकरीचं नाव फ्रिस्बी, तेच खेळाला चिकटलं. पहिली थाळी कुणी फेकली, ते..." कडू काढा गिळावा तसे ते थांबले. "ते माहीत नाही."

"छान. पुढे?"

"एक जोडपं समुद्रकिनारी केकचं भांडं फेकत खेळायचं. पुढे नवऱ्याने प्लॅस्टिकची तबकडी काढली. तेव्हा आभाळात तबकड्या दिसल्याची हूल उठली होती, म्हणून त्यानेही तिला उडती तबकडीच म्हटलं."

"म्हणजे सासूबाई बरोबरच होत्या की!"

भाऊजी रस्त्यातच खदखदून हसले. "खरंच की गं! आणि त्याच किनाऱ्यावर तेव्हा एक राजा हत्तीवरून..."

"भाऊजी!"

त्यांनी जीभ चावली. शाळेचं फाटक समोरच होतं. नात पायरीवर उभी होती, हाताची घडी घालून. हसली नाही, पण आतही गेली नाही. भाऊजींनी सदरा सारखा केला आणि माझ्याकडे वळले.

"धाकटे, एक कर. पहिल्या रांगेत बस. माझी गाडी घसरायला लागली की खोक. पोरीला ऐकू जाईल असं खोक. आजोबांनी स्वतःवर पहारा बसवलाय, हे तिला कळू दे."