बंद पानांचा खण

मासूमा अन्सारी मूळच्या मालेगावच्या. घरात दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट. शांत बसून वाचता यावं म्हणूनच आपण ग्रंथपाल झालो, असं त्या हसत सांगायच्या. नाशिकच्या आमच्या कॉलेजात १९९९ मध्ये इंटरनेट आलं, तेव्हा त्या सहायक ग्रंथपाल होत्या.

मुलं संगणकावर नुसती चाचपडत बसायची. मासूमाबाईंनी चांगल्या वेबसाइट निवडून पुस्तकांसारखीच त्यांचीही कार्डं केली आणि पुस्तकांच्या कार्डांतच लावली. द्राक्षांवरचं पुस्तक शोधणाऱ्याला द्राक्षांवरची वेबसाइटही सापडावी, एवढाच त्यामागचा विचार.

मुख्य ग्रंथपाल निवृत्ती सरांना ते आवडलं होतं. पण पुढे एकेक वेबसाइट बंद पडू लागली. मुलं चिडून परत यायची.

"मॅडम, ती कार्डं काढून टाका. फाटलेलं पुस्तक आपण बाद करतोच ना?"

"पुस्तक दुसरीकडे कुठेतरी असतं, सर. हे कुठेच उरत नाही."

"मान्य. पण पोरांचा वेळ जातो, त्याचं काय?"

बाईंनी कार्डं काढली, फेकवेनात मात्र. 'आता उघडत नाही' असं लिहून ती वेगळ्या खणात ठेवली.

वनस्पतिशास्त्राच्या भाग्यश्रीला द्राक्षांवरच्या केवडा रोगाची माहिती हवी होती. त्या खणात तिला एक कार्ड मिळालं: रोगट वेलींचे फोटो, हंगामभराच्या नोंदी, लेखक गोटीराम गायधनी, तालुका दिंडोरी.

"वेबसाइट गेली, पण माणूस असेल की," बाई म्हणाल्या. रविवारी दोघी एसटीने निघाल्या.

गोटीराम बागेतच भेटले. वेबसाइट पुतण्याने एका कंपनीच्या फुकटच्या जागेवर बनवून दिली होती. ती कंपनीच बुडाली.

"मला वाटलं, कोणी पाह्यलंच नाय ते," म्हणत त्यांनी घरातून फोटोंची पिशवी आणली. "लय हायेत. ने पोरी."

परतताना भाग्यश्री खुशीत होती, बाईंच्या डोक्यात मात्र तो खण होता. त्यातल्या बाकीच्या कार्डांवर नुसते विषय आणि वेबसाइटचे पत्ते होते. ते लिहिणारे कोण, कुठले, हे त्यांनी टिपलंच नव्हतं.

सोमवारपासून नवं कार्ड करण्याआधी बाई वेबसाइटच्या लेखकाला ईमेल करू लागल्या: आपलं पूर्ण नाव, गाव कळवाल का? बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. काहींनी मात्र घरी जेवायलाच बोलावलं.