सासूबाईंच्या बाजेवर

तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास आला की आळंदचं आमचं अंगण आठवतं. पोटात जुळी होती आणि पोट सारखं दगडासारखं घट्ट व्हायचं. "ह्या खऱ्या कळा न्हाईत. पाणी पी अन् डाव्या कुशीवर पड," डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं.

त्या दुपारी शेजारणी शेंगा सोलत होत्या. मी भाकरी थापता थापता उठले, तशा सासूबाई म्हणाल्या, "कामून नाटकं करायलीस?" सगळ्या हसल्या.

मी तांब्याभर पाणी प्याले आणि त्यांच्याच बाजेवर आडवी झाले. "आत्याबाई, आता भाकरी तुम्हीच थापा. रोज."

बाळंत होईपर्यंत मी चुलीपुढं बसले नाही. तेव्हा आपण फार उद्धट वागलो असं वाटायचं. आता लेकी कॉलेजात आहेत, सासूबाई थकल्यात. पण शेजारणींसमोर उतरलेला त्यांचा चेहरा आठवला की अजून बरं वाटतं.