माईंच्या खोलीतला रेडिएटर

प्रल्हाद आणि शुभा अमेरिकेत आयसेलिनजवळच्या जुन्या घरात राहायला गेले, त्याच हिवाळ्यात, म्हणजे २००६ साली, नागपूरहून प्रल्हादच्या आई आल्या. सगळे त्यांना माईच म्हणत. मागच्या खोलीत त्यांनी आपले देव मांडले. पहाटे आंघोळ करून, सोवळ्याची साडी नेसून त्या पाटावर बसत. सोवळ्यात स्वेटर चालत नाही, आणि खोली तर नुसती बर्फ! खोली तापवणारा रेडिएटर रात्रभर चालू ठेवला की कोरड्या हवेने त्यांना खोकला लागे. पहाटे उघडावा, तर त्याचा नॉब जमिनीलगत आणि घट्ट. माईंच्या वाकड्या बोटांना तो दाद देत नसे.

“मी उठून फिरवत जाईन,” प्रल्हाद म्हणाला.

“नको रे बाबा. एवढं लांब ड्राइव्ह करतोस. झोप तू.”

त्याने ते लगेच ऐकलं. पण मनाशी ठरवलं, पहाटे आपोआप उघडणारा बिनतारी व्हॉल्व्ह बसवायचा. त्यात दोन बिनतारी पद्धती; झिगबीचा घ्यावा की झेड-वेव्हचा, इथे गाडी अडली. झिगबी वाय-फायच्याच लहरींवर चालणार, मध्येच सिग्नल अडला तर? झेड-वेव्हची चिप एकच कंपनी करते, ती बुडाली तर? रोज संध्याकाळी तो कॉम्प्युटरसमोर.

“अरे, शुभाला बघायला गेलास तेव्हा चहा निवायच्या आत हो म्हणालास,” माई हसल्या, “आणि या तोटीला एवढा विचार?”

“म्हणूनच आता सावध झालेत, माई!” शुभा स्वयंपाकघरातून म्हणाली.

व्हिसा संपत आला तशा माई निघाल्या. विमानतळावर म्हणाल्या, “पुढच्या थंडीत येते हं. तोवर ठरव.”

उन्हाळ्यात त्याने वाचलं की झिगबीची नवी आवृत्ती येतेय. म्हटलं, थांबू थोडं.

दिवाळीच्या तोंडावर नागपूरहून फोन आला. माई झोपेतच गेल्या होत्या. प्रल्हाद पोचला तेव्हा हाती अस्थीच आल्या.

परतल्यावर एका पहाटे अंगणात दहिवर गोठलं होतं. प्रल्हाद उठला, मागच्या खोलीत गेला, जमिनीवर गुडघे टेकून त्याने नॉब धरला. एका झटक्यात फिरला. पाइप टकटक वाजू लागले.

शुभा दारात आली. “अहो, चहा टाकू?”

तो माईंच्या पाटावर हात ठेवून बसून राहिला. पाट गारच होता. कोमट व्हायला बराच वेळ लागला.